चौथी प्लेट

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावाच्या त्या दलदलीच्या प्लॉटवर घरं बांधायची, तर आधी जमीन दाबून घ्यायला हवी होती. म्हणून तिच्यावर तीन मीटर उंच मातीचा ढीग रचून ठेवला होता. ओझ्याखाली चिखलातलं पाणी निघून जातं, जमीन खाली बसते, घट्ट होते. बसणं थांबलं की ढीग उचलायचा आणि पाया घालायचा. तळाशी सहा लोखंडी प्लेट पुरलेल्या, प्रत्येकीची सळई ढिगाबाहेर आलेली. दर गुरुवारी वर चढून त्या सळया किती उतरल्या ते मोजायचं, हे काम रमण देवस्थळीकडे होतं.

नाशिकहून येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ताप असो, दिवाळी असो, त्याची मोजणी कधी चुकली नव्हती. "माझा वाढदिवस विसराल, पण तुमची प्लेट नाही," असं त्याची बायको निवेदिता टोमण्यात म्हणायची. मार्चमध्ये ती वारली. घरी बसून करायचं काय, म्हणून आठव्या दिवशी रमण कामावर हजर झाला.

त्या गुरुवारी तो फाटकाशी गाडीतच बसून राहिला. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. तासाभराने त्याने वही काढली. चौथ्या प्लेटचे मागचे आकडे नऊ, सात, पाच मिलिमीटर असे होते. त्याने तीन लिहिले. पुढच्या गुरुवारी दोन, त्यानंतर एक. बाकीच्या प्लेटचे आकडेही तसेच भरले.

शुक्रवारी साइट इंजिनिअर शुभमचा फोन आला. "काका, जमीन बसायची थांबली. सोमवारी ढीग न्यायला ट्रक्स येतायत. स्वीट ॲज, एकदम झकास!"

रमण उठला आणि साइटवर गेला. पहिल्या तीन प्लेट ठीक निघाल्या. चौथी वहीप्रमाणे तीन आठवड्यांत सहा मिलिमीटर उतरायला हवी होती. ती एकोणीस उतरली होती. त्याने पुन्हा मोजलं. एकोणीसच. तो खाली उतरून साइट ऑफिसात शुभमकडे गेला.

"ट्रक थांबव. चौथी अजून बसतेय."

"पण तुमच्याच शीटवर एक आहे!"

"तो गाडीत बसून लिहिला. तीन गुरुवार मी वर चढलोच नाही."

"मस्करी करताय, काका?"

"नाही."

शुभम डोकं धरून खुर्चीत बसला. "चौदा घरं उभी राहणार होती त्याच्यावर. एका बाजूने खचली असती. रजा घ्या म्हणून आम्ही हीप्स वेळा, कितीदा तरी सांगितलं ना तुम्हाला!"

"सांगितलंत."

"मला वर कळवावं लागेल. नोकरी जाईल तुमची."

"कळव. आधी ट्रक थांबव."

शुभमने फोन लावला. तोवर रमणने तिन्ही तारखांच्या आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली, पुढे 'मोजलेले नाही' असं इंग्रजीत लिहिलं आणि तीनदा सही केली.

"घरी सोडू का?" शुभमने जरा खालच्या आवाजात विचारलं.

"नको. अजून दोन प्लेट राहिल्यात," रमण म्हणाला आणि ढिगावर चढायला लागला.