कारखान्यात भरलेली शाळा

हमरापूरजवळच्या एका शाळेतली ती चोरी पोलिसातली नोकरी संपली तरी मनातून गेलेली नाही. चोरीला गेला होता हजेरीपट.

सरकारनं शाळा भागीदारीत एका कंपनीच्या ट्रस्टला चालवायला दिली होती. गणपतीच्या आधी ट्रस्टचा तपासनीस आला. वर्गात चार मुलं, पटावर सगळी हजर. "पुढच्या खेपेला हजेरीपट नेणार, मग गुरुजी घरी," असं बजावून गेला. परत आला तर पट गायब. गुरुजींनीच लपवला, अशी तक्रार त्यानं आमच्या ठाण्यात दिली.

मी गुरुजींना बोलावून खोदून खोदून विचारलं.

"पट मी घेतला नाही. पण मुलं हजर होती, साहेब. गणपतीच्या कारखान्यात. या दिवसांत घरोघरी मूर्ती रंगवतात, मुलं तिथंच असतात. मग मीच फळा घेऊन जातो."

"तपासनिसाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. त्याच्या फॉर्मात तसा रकाना नाही म्हणाला."

खबर चहावाल्यानं दिली. "साहेब, डोळे आखणारी आजी हाय ना, ती एक ठरावीक गणपती काय केल्या विकत नाय. तीन गिऱ्हाइकं परत धाडली."

दोन पंच घेऊन तिच्या घरी गेलो. आजी मूर्तीचा डोळा आखत होती. "बसा. डोळा व्हतोय, बोलू नका."

डोळा झाल्यावर मी तो न विकलेला गणपती आडवा केला. पोकळीत हजेरीपट.

"व्हय, मीच नेला. वहीच नाय तर गुरुजींना काढतील कशावरून?"

मागून आलेले गुरुजी कळवळले. "अगो आजे, आळ माझ्यावर आला गो."

"मग मला न्या. कोठडीत बसून डोळे आखीन."

हवालदारानं तोंड फिरवून हसू लपवलं. मागच्या पडवीत फळा होता, मूर्तींच्या मधे मुलं. पट आजीच्या नातीच्या हातात दिला. ती नावं वाचत गेली, एकेक मूल "हजर" म्हणत गेलं. हे सगळं, फळ्यावरच्या गणितासकट, मी पंचनाम्यात घेतलं. तो वाचून ट्रस्टनं तक्रार मागे घेतली. गुरुजी राहिले.

चीड मात्र आजही येते. शाळा कुणी चालवायची यावर साहेब लोकांनी करार केला. मुलं कुठं बसतात हे बघायला पोलीस लागला. त्या करारावर गावातल्या एकाचीही सही नव्हती.

पंचनाम्यावर मात्र होती. मी आजीपुढे अंगठ्यासाठी शाईचा पॅड सरकवला. तिनं तो बाजूला केला, डोळे आखायचा ब्रश उचलला आणि सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.

"मी पण तिथंच बसते, फळ्यापुढं," म्हणाली.