राउटरवरचं दही

आमच्या घरात इंटरनेट आलं त्याच हिवाळ्यात आईला शोध लागला, की राउटर दिवसभर कोमट असतो. तिनं सकाळी त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवून बघितलं. संध्याकाळी दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागलं होतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या फळीवर राउटर, त्यावर जुना टॉवेल आणि टॉवेलवर स्टीलचं पातेलं ही मांडणी कायमची झाली.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा नोकरीसाठी बंगळूरला एकटा राहत होता. फोन केला की "जेवलो, बरा हाय" याच्या पुढं त्याची गाडी सरकायची नाही. पण रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं आपापल्या कन्सोलवरून इंटरनेटवर कुस्तीचा गेम खेळायचो, तेव्हा गडी सुटायचा. साहेबाचा खडूसपणा, कानडीत भाजी घेताना झालेली फजिती, सगळं एका तासात यायचं. त्याचा आवाज टीव्हीतून यायचा, आईवडील समोर बसून ऐकायचे. आईला तर खेळाशी काही देणंघेणंच नव्हतं.

अडचण माझ्या पैलवानाची होती. बटण दाबलं की तो पाऊण सेकंदानं हलायचा आणि तोवर दादानं त्याला डोक्यावरून आपटलेला असायचा. कधी तर दोन्ही हात वर करून जागच्या जागी थिजायचा. वडील गावोगावच्या जत्रांत कुस्तीचे पंच म्हणून उभे राहिलेले. या पैलवानाला आधी डॉक्टरला दाखवा, असा त्यांनी निकाल दिला.

मी कागलच्या एमआयडीसीत माल तपासायला होतो. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस. मला हे कसं सहन व्हावं? कंपनीच्या प्रिंटरवर माहितीचा गठ्ठा छापून आणला. कन्सोलला कायमचा आयपी पत्ता दिला, खेळाला लागणारे पोर्ट उघडले, घरातल्या कॉम्प्युटरच्या आधी कन्सोलचा नंबर लावला. तरी पैलवान थिजलेलाच. शेवटी गठ्ठ्यातल्या एका पानावर तळाशी ओळ सापडली: राउटरवर धातूची वस्तू ठेवू नये.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. दही महत्त्वाचं की गेम, यावर आईशी माझं सणसणीत भांडण झालं. मी राउटर उचलून टीव्हीशेजारी आणला आणि कन्सोलला थेट वायर जोडली.

पुढच्या रविवारी माझा पैलवान बोटाबरोबर हलला. पाचपैकी पाच कुस्त्या मी मारल्या. वडिलांनी बसल्या जागी शड्डू ठोकला. दादा पहिल्या दोन वेळा हसला, मग त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला काम निघालं. मग त्याचा कन्सोल बिघडला. मग पुन्हा काम. फोन केला, तर जेवला होता आणि बरा होता.

मला राग आला. एवढा घोडा झाला आणि हरल्यावर रुसतो, असं मी जेवताना मोठ्यानं म्हणालो. आई पाणी सुटलेलं दही वाढत होती. वडील बोलले.

"आठवडाभर तिथं त्याला कोण कोण चितपट करतंय, तुला ठावं हाय का? रविवारची एवढी एक कुस्ती मारत हुता. मारू दे की."

आठवडाभर मी मोजमापं घेत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं, याची लाज वाटली.

जेवण झाल्यावर मी गठ्ठा काढला आणि शेवटच्या पानापासून उलटा निघालो. एकेक सेटिंग होतं तसं केलं, वायर काढली, राउटर फळीवर नेऊन ठेवला. नेट परत बिघडलंय, खेळ अडकतोय, असं दादाला कळवलं. रविवारी सकाळी आईनं मला काही न विचारता राउटरवर टॉवेल घातला आणि वर पातेलं ठेवलं.

दहाच्या ठोक्याला दादा हजर. त्याचा कन्सोल कसा दुरुस्त झाला, हे मी विचारलं नाही. माझा पैलवान हात वर करून थिजला आणि दादानं त्याला असा आपटला की वडीलच कळवळले. मग घरमालकानं पाण्याची मोटर बंद केल्याची हकिगत सुरू झाली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. सलग सातवी कुस्ती मारल्यावर दादाला माझी दया आली.

"तुला अजून जमंना झालंय. त्या राउटरचं सेटिंग तेवढं करून घे की."

बघतो, म्हणालो.