ग्रुपवर लिहिलेली एक ओळ

मी मस्कतला निघाले त्या सकाळी समुद्रपूरच्या बसस्टँडवर बाबा आणि माझा धाकटा भाऊ निलू आदल्या दिवशीच्या कबड्डीच्या सामन्यावरून भांडत होते. आई डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. नागपूरची गाडी लागली तेव्हा कुठे बाबा भानावर आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय बाई. मन लावून काम करजो. अन् परदेशात गेली म्हणून तळेगाववाल्यायले माफ करू नको." निलू खो खो हसला. मी रडता रडता हसले. गाडी वळेपर्यंत मला ते दोघं पुन्हा भांडताना दिसत होते.

आमची शेती आहे, पण बाबांचा खरा जीव गावच्या संघात. खेळाडू निवडणं, पोरांना वेळेवर मैदानात आणणं, पंचांशी वाद घालणं, सगळं त्यांच्याकडे. निलू संघाचा सगळ्यात भरवशाचा चढाईपटू. शाळेत असताना गुण लिहायला मी बसायचे. तळेगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण दरवर्षी फायनलला गाठ त्यांच्याशीच पडायची. हरलो की दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवत नसे.

मस्कतमध्ये मी नर्स आहे. वॉर्ड, ड्युटी, हँडओव्हर, पुन्हा वॉर्ड. पहिल्या वर्षी मी जो तग धरला तो मोबाईलवर. मी बाबांना चांगल्या कॅमेऱ्याचा फोन पाठवला आणि चुलतभाऊ सागर त्याच फोनवरून सामने लाइव्ह दाखवू लागला. कॉमेंट्री पण त्याचीच. मागे बायका पोरांना हाका मारतात, कुणाची तरी मोटरसायकल फटफटते, सगळं ऐकू यायचं. ग्रुपवर पुण्याचे, सुरतेचे, चाकणच्या कंपन्यांतले आमचे लोक जमायचे आणि भांडायचे. तळेगाव नागपूरहून खेळाडू आणतं, मग आपण का नाही? बाबांचं एकच म्हणणं, "गावचा पोट्टा बसून राहीन अन् बाहेरचा खेळीन? मी असेपर्यंत नाई." अर्धे लोक त्यांना देव म्हणत, अर्धे म्हणत मॅनेजमेंट बदला. मी दोन्हीकडचे मेसेज रूमवर बसून पुन्हा पुन्हा वाचायचे. तेवढा वेळ मी मस्कतमध्ये नसायचे.

दिवाळीत निलूनं मला एकटीला व्हिडिओ कॉल केला. सरावात गुडघा फिरला होता. वर्ध्याला जाऊन गुपचूप तपासणी करून आला होता, आतला लिगामेंट अर्धा फाटलेला. पोलीस भरतीचं मैदान, म्हणजे धावण्याची चाचणी, तीन महिन्यांवर होतं आणि त्याच्यासाठी तो दोन वर्षं घासत होता. म्हणाला, "ताई, बाबाले सांगू नको. भरतीचा अभ्यास हाय म्हणून यंदा खेळत नाई, असं सांगतो." मी त्याला म्हटलं, बरोबर करतोस. रोज संध्याकाळी मी कॉलवर त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. पाय खरंच सुधारत होता.

फायनलला पुन्हा तळेगावच. निलू खेळणार नाही हे कळलं आणि ग्रुप पेटला. मॅनेजमेंट विकल्या गेली. म्हातारा सठियाला. कुणीतरी तळेगाववाल्यांचा मेसेज पुढे पाठवला, समुद्रपूरचा वाघ निलू घाबरून घरात बसला म्हणे. कुणी बाबांचा फोटो टाकून खाली घाण लिहिलं. मी नुकतीच ड्युटीवरून आले होते, अंगावर युनिफॉर्म तसाच होता. आमच्याच गावची माणसं माझ्या बापाला असं बोलतात, हे मला सहन झालं नाही. मी लिहिलं, "माझा भाऊ कुणाले घाबरत नाई. तो मैदानात उतरला तर एकटा पुरेसा हाय तळेगावले."

खाली टाळ्यांची रांग लागली. त्या रांगेत निलूची एक ओळ आली. "ताई म्हणते त खेळतो."

मी त्याला लगेच फोन केला. नऊ वेळा केला. त्यानं उचलला नाही. मग मेसेज आला, "आता मागं हटलो त बाबाची इज्जत जाईन." बाबांना सगळं सांगायला माझ्या हातात पूर्ण एक दिवस होता. मी सांगितलं नाही. का, याचं उत्तर शोधताना मी स्वतःशी खूप खोटं बोलले आहे. खरं एवढंच, की मलाही तळेगावला हरवायचं होतं.

सामना शुक्रवारी दुपारी होता, मला सुटी होती. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा दोन गुणांनी आम्ही मागे होतो. निलू चढाईला गेला, एकाला शिवून परत फिरला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरानं त्याचा घोटा धरला. वरचं अंग मध्यरेषेकडे आलं, पाय तिथंच राहिला. तो ओरडला ते फोनवर नीट ऐकू आलं नाही, कारण सागर त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होता. गावकरी मैदानात धावले. दोघांनी निलूला बगलेत धरून उभं करायला घेतलं.

मी बाबांना फोन लावला. ज्या फोनवरून लाइव्ह चाललं होतं, तोच. चित्र गेलं, कॉमेंट्समध्ये शिव्या सुरू झाल्या. सागरनं फोन बाबांकडे दिला.

"काऊन केला वं फोन? लाइव्ह बंद झालं ना!"

"बाबा, त्याले उभं करू नका! पाय हलवू नका. फळी घ्या, दुपट्ट्यानं बांधा. तो गुडघा आधीच फाटलेला हाय."

"तुले कसं माहीत?"

"मले दिवाळीपासून माहीत होतं."

मागे गलका चालू होता. बाबांनी आधी ओरडून पोरांना निलूला खाली ठेवायला लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "माहीत होतं? अन् तू तसं लिवलं?"

वर्ध्यात ऑपरेशन झालं. भरतीचं मैदान झालं तेव्हा निलूच्या हातात काठी होती. बाबांनी संघ सोडला. आता नवी मॅनेजमेंट आहे, नागपूरचे खेळाडू येतात, यंदा आपण जिंकलो. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली. मी ग्रुप सोडला, कुणी विचारलं नाही.

रजा काढून मी वीस दिवस घरी गेले. मी ताटावर बसले की निलू उठायचा. एका दुपारी त्याच्यासमोर जाऊन बसले, म्हटलं, "निलू, मले शिव्या दे, पण बोल." तो गुडघ्याचा पट्टा आवळत होता. म्हणाला, "तुले राग आला, तू लिवलं. मले राग आला, मी खेळलो. तू वापस ड्युटीवर जाशीन, ताई. मी कुठं जाऊ?" बोलून तो आत गेला. त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही. निघताना आई फाटकापर्यंत आली, "येजो वं," एवढंच म्हणाली.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे मी तुमच्यापैकी कुणाला दोष द्यायला लिहिलेलं नाही. ती ओळ माझी होती.

घरी मी रोज फोन करते. बाबा उचलतात, जेवली का विचारतात, कापसाचं सांगतात, संघाचं नाव काढत नाहीत. बोलणं संपलं तरी मी फोन ठेवत नाही आणि तेही ठेवत नाहीत. मागे ओसरीवर निलू चालत असतो. एक पाऊल सरळ पडतं, काठी टेकते, दुसरं पाऊल घासत येतं. मी कान देऊन ऐकते. सात-आठ पावलं, मग दार. माझं घर आता तेवढंच आहे. परवा पावलं तेवढी ऐकू आली, काठीचा आवाज नव्हता. विचारायची माझी हिंमत झाली नाही.