आडनाव न विचारणारे शेजारी

लोहगावच्या विमानतळावर सुजाताने आम्हाला सोडलं आणि निघताना दोनदा मिठी मारली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हडपसरच्या आयटी कंपनीत राबणारी आमची एकुलती एक लेक. तिने आईबापांना समुद्रातल्या एका भारी बेटावर विश्रांतीला धाडावं, हे ठीक. पण तारखा तिनेच ठरवल्या, खोली तिनेच निवडली आणि वर "बाबा, तिथे जरा लोकांशी बोला" असं बजावलं. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढला आहे. सगळं छान आहे असं कोणी सांगितलं, की आम्ही आधी गळती शोधतो.

गोव्यापर्यंत विमान, पुढे दक्षिणेला गाडी आणि शेवटी लाँच. बेट दिसलं ते हिरवंगार, नारळींच्या मधून लाल कौलं डोकावणारं. धक्क्यावर गळ्यात हार पडला, हातात कोकम सरबत आलं.

"पोरगी परदेशी जायचं म्हणतेय का?" मी हिला विचारलं.

"अहो, सरबत प्या आधी."

हिचा चेहरा फार शांत होता. लग्नापासून पाहतोय, काही माहीत असलं की हिचा चेहरा असाच होतो.

रिसॉर्टवर माणसं कुजबुजतच बोलत होती. येरवड्यात राहणाऱ्याला इतकी शांतता म्हणजे कर्फ्यू वाटतो. जेवायला बसलो तर वेटरने विचारलं, "शिवराक (शाकाहारी)?" आम्ही तिसऱ्या (शिंपल्यांचं कालवण) आणि भात मागवला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं आमच्याच वयाचं जोडपं उठून आलं.

"बसू का? मी लिमये, शनिवार पेठ. ही आमची मंडळी."

दोघेही शिवराक, तरी आमच्या तिसऱ्यांसमोर आपली पानं मांडून बसले. मी त्यांच्या कपाळावर आठी शोधत होतो. सापडली नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

नंतर लिमये सावलीसारखे मागे. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) फिरायला निघालो की हजर. लाटेने माझी एक चप्पल ओढून नेली, तर हे गृहस्थ पँट दुमडून पाण्यात शिरले आणि ती घेऊन आले.

"घ्या. समुद्राला एका पायाची काय उपयोगाची?"

शनिवार पेठेतल्या लिमयांच्या हातात माझी चप्पल. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र विचार करत होतो, की या माणसाला माझ्याकडून हवंय तरी काय?

प्रश्न तर अखंड. गुडघे कसे आहेत, फ्लॅट कितव्या मजल्यावर, पाणी रोज येतं का. दुसऱ्या दिवशी मचाणावर बसून समुद्र पाहत असताना एकदम लक्षात आलं, आणि मी उठून उभाच राहिलो. या माणसाने माझं आडनाव विचारलं नव्हतं.

पुणेकर एक वेळ नाव विचारायला विसरेल, आडनाव नाही. आमचं आडनाव गायकवाड. तेवढं सांगून भागत नाही, लगेच दुसरा प्रश्न येतो, "कुठले गायकवाड?" लग्नानंतर आम्ही पेठेत भाड्याची खोली शोधत होतो. पहिल्या प्रश्नापर्यंत चहा यायचा. आम्ही बौद्ध आहोत असं दुसऱ्याचं उत्तर दिलं, की खोली नेमकी कालच गेलेली असायची. ती जळजळ अजून गेलेली नाही. तेव्हा आडनाव न विचारणारे लिमये म्हणजे आडनाव आधीच माहीत असलेले लिमये, हे उघड होतं.

संध्याकाळी चौघं चहाला बसलो तेव्हा मी सरळ विषय काढला.

"लिमये, तुम्ही आमचं आडनाव विचारलं नाहीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "मुलाने तंबी दिलीय. म्हणाला, बाबा, तुम्ही ते विचारलंत की सगळं संपलं."

"तुमचा मुलगा?"

"सुजाताच्याच ऑफिसात आहे," ही म्हणाली. "अहो, लग्न करायचंय दोघांना. तुम्ही नाही म्हणालात तर ती करणार नाही. म्हणून आधी माणसं बघा, असं तिचं म्हणणं."

म्हणजे हे बेट नव्हतंच, कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. कान गरम झाले. मी लिमयांकडे वळलो.

"आणि तंबी नसती तर?"

"तर विचारलं असतं. पहिल्याच दिवशी," लिमये म्हणाले. "सवय आहे. वाईट आहे, पण आहे."

राग आला. पण दोन दिवसांत या माणसाचं मला पटलेलं हे पहिलंच वाक्य.

"मग विचारा आता."

"आपलं आडनाव?"

"गायकवाड."

मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. लिमयेबाई नवऱ्याकडे पाहत होत्या.

"पुढचा प्रश्न मला पाठ आहे," लिमये म्हणाले. "तो नाही विचारत."

"तीही तंबी का?"

"नाही. हे माझं मीच ठरवलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, लिमये आणखी एक दिवस राहणार होते. लाँचमधून बेट लहान होताना पाहिलं. जागा सुंदर, यात वाद नाही. पण परक्या बेटावर कोणीही कोणाच्या पंक्तीला बसतं. ओळखीचं कोण बघत असतं तिथे? मला लिमये हवे होते आमच्या गल्लीत, भर दुपारी, चार शेजाऱ्यांदेखत आमच्या दारात चपला काढताना.

सुजाता न्यायला आली होती. गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळत होती. लेक भेदरली होती.

"बाबा, बेट कसं होतं?"

"बरं होतं. लिमयांना जेवायला बोलव. आपल्या घरी. आपल्याकडे रोज जे शिजतं तेच असेल म्हणावं. बघू, येतात का."

सुजाताने गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले.

"बाबा, लिमयेकाकांचा मघाशीच फोन आला होता. येरवड्याला कधी येऊ, विचारत होते."