मार्क आधी लिही

मावशींचा टायफॉइडवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे रोगावर होता. अर्जातल्या टायफॉइडवर नव्हता. "बरा बारावीच्या परीक्षेतच येतो गं हा टायफॉइड! आणि आज्या? एकेकाच्या तीन-तीन आज्या वारल्याचे अर्ज मी स्वतःच्या हातांनी आत नेलेत."

कल्याणच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. मार्क कमी पडलेल्या मुलांचे अर्ज प्राचार्यांच्या केबिनमध्ये न्यायचे आणि बहुतेक नामंजूर होऊन बाहेर आणायचे. स्वतः सातवीपर्यंतच शिकलेल्या, पण कुठला अर्ज सर दुसऱ्यांदा वाचतात हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. निवृत्त होऊन विठ्ठलवाडीला आमच्या शेजारी राहायला आल्या आणि दर जूनमध्ये अर्ज दाखवायला येणाऱ्यांच्या चपला त्यांच्या दारात मावेनाशा होऊ लागल्या.

मला बारावीला छप्पन्न टक्के पडले. हवं होतं मायक्रोबायोलॉजी, आणि त्याची शेवटची यादी बहात्तरवर बंद झालेली. तीन-चार जागा उरल्या होत्या, त्या प्राचार्यांच्या हातात. नाही मिळाली तर मामाच्या ओळखीने ठाण्याला कपड्यांच्या शोरूममध्ये लागायचं, हे घरात ठरून गेलं होतं. मी रडत रडत दीड पानी अर्ज लिहिला आणि मावशींना दाखवला. त्यात टायफॉइड होता.

मावशींनी तो शांतपणे फाडला. "मार्क आधी लिही. पहिल्याच ओळीत. त्यांनी शोधून काढायच्या आत आपण सांगायचं."

"फिजिक्सला अडतीस आहेत, मावशी."

"मग अडतीस लिही. का पडले?"

"मला येत नाही फिजिक्स."

"तेच लिही. आता येतं काय ते सांग."

मी घरी जाऊन माझी एक वही घेऊन आले. आई घरी इडलीचं पीठ करून विकायची. ते किती तासांत फुगलं, कधी बिघडलं, त्या दिवशी उकाडा होता की थंडी, हे मी दोन वर्षं तिच्यात लिहीत होते. आमच्या घरी त्या वहीची चेष्टाच व्हायची. मावशींनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाल्या, "अगं वेडे, ही जोड अर्जाला!"

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी त्यांनी मला कॉलेजच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः मात्र फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे जाऊन थांबल्या. इतकी वर्षं जिथे काढली, तिथल्या पायऱ्याही चढल्या नाहीत. "मी दिसले तर वशिला वाटेल. तुझं तू मिळव."

दुपारी हाक आली. प्राचार्यांनी अर्ज वाचला, वही चाळली. "थंडीत पीठ उशिरा का फुगतं?"

"कारण माहीत नाही, सर. पण डब्याला गोधडी गुंडाळली की दोन तास आधी फुगतं."

"कारण इथे शिकवतात," असं म्हणून त्यांनी सही केली.

मी धावत रस्ता ओलांडला. मावशींनी माझं तोंड पाहिलं आणि चहावाल्याला आणखी एक कटिंग सांगितला. पदराने डोळे मात्र दोनदा पुसले.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. मी ठाण्याच्या एका कॉलेजात तोच विषय शिकवते आणि जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसते. टायफॉइड अजून दर वर्षी येतो. मावशींच्या शेवटच्या जूनमध्ये एका मुलीचा अर्ज हातात आला. पहिलीच ओळ होती, 'मला बारावीला एकोणपन्नास टक्के आहेत.' मी मान वर करून विचारलं, "हे असं लिहायला कुणी सांगितलं गं?"

ती गडबडली. "विठ्ठलवाडीच्या एक मावशी आहेत, मॅडम. नाव सांगू नको म्हणालेल्या, पण तुम्ही विचारलंत म्हणून..."

"आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, खोटं एक अक्षर लिहू नकोस. त्या टेबलावर माझी पोरगी बसते."