‘निर्णय बाकी’चं कपाट

कप्पेभाऊंना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं सरळ नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. आमच्या इमारतीचा आख्खा जिना त्यांना कप्पेभाऊच म्हणायचा, आणि त्यात जिन्याची काही चूक नव्हती. हातात साबणाची वडी दिली की जो माणूस दारातच उभा राहून "ही अंगाची की कपड्यांची?" असं विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत चपला काढत नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? वहिनींनी तर कधीच हात टेकले होते. "आमच्याकडे भांडणसुद्धा कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ठरतं," त्या सांगायच्या, "आणि ते ठरेपर्यंत माझा राग निघून जातो. संसार टिकलाय तो त्याच्यावर."

भाऊ वाचनालयात तालिकाकार होते. म्हणजे नवीन पुस्तक आलं की ते पुढून-मागून चाळायचं, ते नक्की कशाबद्दल आहे ते ठरवायचं, त्याला विषय द्यायचा, क्रमांक द्यायचा, कार्डं लिहायची आणि त्याला त्याच्या फळीवर रवाना करायचं. वाचणाऱ्याला पुस्तक सापडतं ते ह्या माणसामुळे. सापडत नाही तेही ह्याच्याचमुळे, पण ते कुणाला कळत नाही.

कामात भाऊंचा हात धरणारा नव्हता. मधमाश्यांवरचं पुस्तक कीटकांत घालायचं की शेतीत, ह्या विचारात एकदा त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं आणि वहिनींनी चुकून दोनदा वाढलेली तीच भाजी ते दोन वेगळ्या भाज्या समजून जेवले होते. पण काही पुस्तकं अशी यायची, की ती कुठल्याच एका कप्प्यात बसायची नाहीत. विषयाची कार्डं दहा लिहिता येतात हो, पण पुस्तक शेवटी एकाच फळीवर उभं राहतं. ती फळी कुठली? अशी पुस्तकं भाऊ आपल्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात ठेवायचे. कपाटावर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: ‘निर्णय बाकी’.

आता क्रमांक नाही म्हणजे कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणजे पुस्तकच नाही. कुणी विचारायला आलं की काउंटरवरून सरळ उत्तर जायचं, "नाही आपल्याकडे." म्हणजे भाऊंना जी पुस्तकं सगळ्यात जास्त आवडायची तीच नेमकी कुणाला मिळायची नाहीत. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. त्यावरही निर्णय बाकी होता.

त्या कपाटात स्टोव्हवाल्यांचं पुस्तक होतं. हे गृहस्थ जन्मभर दारोदार फिरून स्टोव्ह दुरुस्त करायचे. पिन मार, वॉशर बदल, पंपाला तेल घाल. आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा म्हणजे बसायचं कुठे? दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. खाली मान घालून बसलेल्या माणसासमोर घरातली माणसं काय काय बोलतात ते त्यांनी सगळं ऐकलं, आणि हात थकल्यावर लिहून काढलं. टंकलेखकाकडून टाइप करून घेतलं, बाइंडिंग केलं. कार्बन लावायचं कुणालाच सुचलं नाही, म्हणून प्रत एकच. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं ती वाचनालयाला आणून दिली. आजींना वाचता येत नव्हतं, घर गळकं होतं, मुलगा परगावी. "तुमच्याकडे कोरडं राहील," त्या म्हणाल्या होत्या. "आणि कुणीतरी वाचेल."

भाऊंनी ते चाळलं आणि त्यांच्या डोक्याला मुंग्याच आल्या. एका पानावर बर्नर कसा खोलायचा त्याची आकृती, पुढच्या पानावर त्याच घरातल्या सासूनं सुनेला काय सुनावलं ते. हे तंत्रज्ञान म्हणायचं? समाजशास्त्र? आत्मचरित्र? की विनोद? पुस्तक कपाटात गेलं.

आजी अधूनमधून यायच्या. काउंटरला वळसा घालून थेट भाऊंच्या टेबलापाशी.

"साहेब, आमच्या ह्यांचं पुस्तक लागलं का?"

"प्रक्रियेत आहे, आजी."

"म्हणजे बरं आहे ना ते?"

"उत्तम आहे."

आजारी माणसाची विचारपूस करावी तशी पुस्तकाची विचारपूस करून त्या जायच्या. प्रक्रिया हा शब्द त्यांना फार भारदस्त वाटायचा. शेजारणीला त्या सांगायच्या, "अजून तपासतायत. मोठं काम आहे म्हणे."

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. वाचनालयाची जागा बदलायची ठरली. नवी जागा लहान, म्हणून नव्या ग्रंथपालबाईंनी फर्मान काढलं: शनिवारी संध्याकाळपर्यंत ज्या पुस्तकाची नोंद संगणकात होईल, ज्याच्या पाठीवर छापील पट्टी चिकटेल, ते खोक्यात जाईल. पट्टी नाही ते रद्दीत. आणि त्याच आठवड्यात आजी आल्या त्या चेहरा उजळून.

"नात आलीय माझी. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुट्टी मिळाली पोरीला. मंगळवारी परत जाते. ती वाचून दाखवणार आहे मला. द्या आता."

"नोंद झाल्याशिवाय देता येत नाही, आजी."

"मग परतच द्या. माझंच होतं की ते."

"परत द्यायला ते आधी वाचनालयाचं असावं लागतं. आणि नोंद झाल्याशिवाय ते वाचनालयाचं होत नाही."

आजींनी ह्याचा मनापासून अर्थ लावायचा प्रयत्न केला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब, एक सांगू? मला स्टोव्हचं काही नको. त्यात माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय त्यांनी. मी विचारलं तर म्हणायचे, मी गेल्यावर वाचून घे कुणाकडून तरी, समोर लाज वाटते. जन्मात कधी शब्दानं बोलले नाहीत हो. बरं नाही, वाईट नाही. तेवढं कळलं म्हणजे झालं. माझं तरी आता किती राहिलंय?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "सोमवारी या. तुमच्या हातात देतो."

भाऊंनी आयुष्यात तारीख घालून दिलेला हा पहिला शब्द असावा. त्या रात्री पुन्हा त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि ह्या वेळी कारण मधमाश्या नव्हत्या.

शनिवारी त्यांनी मदतीला वहिनींना नेलं. वहिनी एका बोटानं टाइप करायच्या, पण ते एक बोट भाऊंच्या दहा बोटांपेक्षा जलद होतं. कपाट उघडलं, पुस्तकं बाहेर आली. मागे हमाल उभे, हातात गाडी. पट्टीवाली पुस्तकं एका गाडीवर, बाकीची दुसरीवर.

"आधी आजींचं घ्या," वहिनी म्हणाल्या.

"ते अवघड आहे. आधी सोपी करू, हात बसू दे."

"अहो, परीक्षा नाही ही! वेळ संपला की पेपर घेऊन जातील."

"त्याला न्याय द्यायचाय मला."

"न्याय नंतर द्या. आधी पट्टी द्या!"

पण भाऊ ऐकतील तर भाऊ कसले? मधमाश्या झाल्या. पतंगांच्या शेपटीचं गणित झालं. आवाज बसलेल्या गवयांची औषधं झाली. दर पुस्तकाला भाऊ कपाळाला हात लावून बसायचे, वहिनी कीबोर्डवर बोट रोखून बसायच्या आणि हमाल एकमेकांकडे बघायचे. फळी न ठरल्यामुळे कपाटातली निम्म्याहून जास्त पुस्तकं त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या गाडीवर गेली. प्रत्येक वेळी भाऊ अर्धवट उठायचे आणि परत बसायचे.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी स्टोव्हचं पुस्तक उघडलं. ग्रंथपालबाई येऊन मागे उभ्या राहिल्या.

"काका, अडलंय कशाला?"

"फळी ठरत नाही."

"पण फळी ठरवायचीच नाहीये आता! क्रमांक मशीन देतं, ओळीनं. विषय तुम्हाला हवे तेवढे घाला. दहा घाला, वीस घाला. मीटिंगमध्ये सांगितलं होतं मी."

मीटिंगच्या वेळी भाऊ पतंगांचा विचार करत होते. आता ते बाईंकडे बघतच राहिले. जन्मभर जे कोडं त्यांच्या छातीवर बसलं होतं, ते कुणीतरी फुंकर मारून उडवून लावलं होतं. एकच कप्पा निवडायचा नाही! त्यांचे डोळे भरून आले. वहिनी म्हणाल्या, "आता रडू नका, टाइप करा. मी तुमच्यासाठी चहा बघते," आणि त्या गेल्या.

भाऊंनी पुस्तक चाळलं, कुठल्या पानावर काय आहे ते डोक्यात बसवलं आणि दोन्ही हात मोकळे करायला ते उजवीकडे ठेवलं. मग ते सुटले. स्टोव्ह: दुरुस्ती. स्वयंपाकघरे: वर्णन. सासू-सुना: भांडणे. फिरते कारागीर: आत्मचरित्र. शेजार: कानगोष्टी. प्रत्येक विषयाला ‘हेही पाहा’. लहान मुलं: भीती. पत्नी: सहवास. इतकी भरगच्च, देखणी नोंद त्या वाचनालयात कधी झाली नव्हती. लग्नातही दिसला नसेल असा आनंद त्या माणसाच्या तोंडावर होता, असं बाई नंतर सांगत होत्या.

शेवटी त्यांनी नोंद जतन केली. छपाईयंत्र कुरकुरलं आणि पट्टी बाहेर आली. भाऊंनी ती डाव्या हाताच्या बोटावर तोलून धरली आणि उजवा हात पुस्तकाकडे नेला.

हात टेबलावर आपटला.

उजवीकडे काही नव्हतं. टेबलाची ती बाजू हमालांनी पुसून नेल्यासारखी रिकामी होती. पट्टी नसलेलं पुस्तक, टेबलाच्या कडेला, संध्याकाळची वेळ. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं.

भाऊ जिन्यावरून धावले ते एका पायात चप्पल नसताना. वहिनी हातात चहाचा पेला घेऊन फाटकातून येत होत्या, त्यांना धक्का लागून चहा सांडला. "ट्रक! रद्दीचा ट्रक कुठे गेला?" वहिनींनी रस्त्याकडे बोट केलं. तिथे नुसता रस्ता होता.

दोघं रिक्षा करून रद्दीच्या गोदामावर पोचले. वाचनालयाचा माल वेगळा ठेवत नाहीत, पहारेकरी म्हणाला. शिक्के असतात, नंतर कुणी बाजारात विकायला नको, म्हणून आल्या आल्या पात्यांखाली घालतात. आत कागदाच्या पट्ट्यांचा डोंगर होता. भाऊ त्यात गुडघ्यावर बसले. वहिनींनी पदर खोचला आणि त्याही बसल्या.

"कसलं होतं पुस्तक?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"स्टोव्हचं," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "नाही. बायकोचं."

रविवारी ते पुन्हा गेले. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, त्यांवर अर्धी अर्धी अक्षरं. कुठली कशाची ते देवालाही सांगता आलं नसतं. वर्गीकरणाच्या बाहेरचं असं काही जगात असतं हे भाऊंनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. अंधार पडल्यावर वहिनींनी त्यांना दंडाला धरून उठवलं. घरी आल्यावर त्यांच्या केसांतून कागद निघत होते. वहिनी एकेक काढत होत्या.

सोमवारी आजी दार उघडायच्या आधीच आल्या होत्या. बरोबर नात. नातीच्या हातात फोन.

"साहेब, लागलं की हो पुस्तक! हिला फोनमध्ये दिसलं. काल रात्रीच वाचून दाखवलंन मला, काय काय आहे त्यात ते. वाच गं."

नात वाचू लागली. सासू-सुना: भांडणे. "हे आमच्याच घरातलं!" आजी खूश. "म्हातारी फार खट होती." शेजार: कानगोष्टी. "हे पलीकडच्या बाईचं असणार." पत्नी: सहवास. इथे त्या थांबल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "हे माझं. काय शब्द वापरलाय, सहवास! तुम्ही घातलात का?"

"मी घातला."

"‘उपलब्ध’ असं दाखवतंय, काका," नात म्हणाली. "आणता का?"

भाऊंनी सांगितलं. आडवळण न घेता, काही न लपवता सांगितलं: माझ्या टेबलावर होतं, मी नोंद सजवत बसलो, पट्टी लावली नाही, पुस्तक गेलं. नातीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे नोंद आहे आणि पुस्तकच नाही? इतकी वर्षं कपाटात कोंडून ठेवलंत आणि शेवटी..." आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या भाऊंकडे बघत होत्या, पण रागानं नाही. अजून त्यांना एक वाट दिसत होती.

"पण तुम्ही वाचलंयत ना?"

"वाचलंय."

"पुष्कळदा?"

"पुष्कळदा."

"मग झालं तर! तुम्हीच सांगा. माझ्याबद्दल काय होतं?"

भाऊंनी तोंड उघडलं. त्यांना पान दिसत होतं, लख्ख दिसत होतं. पुस्तकाच्या शेवटाकडे, डाव्या बाजूला, बर्नरच्या आकृतीच्या खाली. टंकयंत्राचा ‘र’ ओळीच्या वर उडी मारत होता. बायकोविषयी मजकूर आहे, हे ओळखून दर वेळी ते पुढे गेले होते. विषय कळला होता, काम झालं होतं. डोक्यात वाक्य एकही थांबलं नव्हतं.

"चार ओळी होत्या," ते म्हणाले.

"काय होतं त्यांत?"

"डाव्या पानावर. खाली."

"अहो, पण काय?"

खोटं सांगता आलं असतं. असं एखादं गोड वाक्य कुणीही बनवू शकतं. आम्हा जिन्यातल्यांना विचारलं असतं तर दहा बनवून दिली असती. पण पुस्तकात नाही ते कार्डावर लिहायचं नाही, ह्यात ह्या माणसाचं सगळं आयुष्य गेलेलं.

"चारच ओळी," आजी स्वतःशीच म्हणाल्या. "बोलायचेही तेवढंच." मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर नीट बसल्या आणि हातातली पिशवी मांडीवर घेतली.

"सावकाश आठवा, साहेब. मला घाई नाही."

"आजी, चल," नात म्हणाली.

"थांब गं. प्रक्रियेत आहे ते."

भाऊंनी डोळे घट्ट मिटून घेतले.