शेऱ्याच्या रकान्यातलं वाक्य

सहा मे. मंजूर रक्कम साडेचार लाख. जी.एम.च्या केबिनमध्ये आम्ही तिघे: स्वतः जी.एम., परचेस बघणारा मी, आणि दाराशी उभे भास्करराव.

भास्करराव आमच्या देवासच्या फॅक्टरीतले फिटर. अकरा एकरांचं लॉन कापणारं जुनं मशीन त्यांनी नऊ वर्षं जगवलं होतं. त्या आठवड्यात त्याचा बेल्ट दुसऱ्यांदा तुटला.

“नया लो,” जी.एम. म्हणाले. “लेकिन ऐसा, कि पांच साल मुझे उसका नाम सुनाई न दे.”

भास्करराव सत्तावन्न वर्षांचे. नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, दर जूनअखेर रिन्यू व्हायची. साठीपर्यंत टिकलो की धाकटीचं नर्सिंग पुरं होईल, हे त्यांनी मला सांगितलेलं होतं.

कोटेशन तीन आली. दोन मशीनं बेल्टवर चालणारी, म्हणजे इंजिनाची ताकद रबरी पट्ट्यातून पात्यांपर्यंत जाते. पट्टा झिजतो, घसरतो, तुटतो. तिसरा लहान डिझेल ट्रॅक्टर. त्यात ताकद लोखंडी शाफ्टमधून जाते आणि पाती पोटाखालच्या जाड पत्र्याच्या डब्यात फिरतात. त्या डब्याला डेक म्हणतात. हा ट्रॅक्टर सर्वांत स्वस्त मशीनहून एकावन्न हजारांनी महाग. आमच्याकडे स्वस्त सोडून महाग घ्यायचं तर कारण लेखी द्यावं लागतं.

कारण शोधायला आम्ही दोघे धारला गेलो. तिथून बदनावर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला पेरूची एक बाग आहे. तिथे हाच ट्रॅक्टर तीन वर्षं चालत होता. डीलर नवं मशीन दाखवतो. खरं काय ते जुनं मशीन सांगतं, हे भास्कररावांचं म्हणणं.

“भिया, इसमें क्या-क्या बदला?” त्यांनी बागवाल्याला विचारलं.

“तेल, फिल्टर. एक बार टायर.”

“बस?”

“अरे भिया, और क्या बदलवाओगे? मालिक?”

भास्करराव हसले नाहीत. ते जमिनीवर आडवे झाले आणि पान्याने डेक ठोकत गेले. गंजलेला पत्रा बद्द वाजतो, हा कुठेच बद्द वाजला नाही. मग त्यांनी ग्रीस भरायच्या जागा मोजल्या. सात. सातही उभ्याने हाताला येणाऱ्या. एअर फिल्टर त्यांनी पान्याशिवाय काढला, झटकला, परत बसवला. मी घड्याळ लावलं होतं. पावणेदोन मिनिटं. आमच्या जुन्या मशीनला याच कामाला वीस मिनिटं लागत.

कपडे झटकत ते उठले. “घ्या साहेब, डोळे मिटून घ्या. याला माझी गरजच नाही. आपला माळी पण सांभाळेल.”

आणि हसले. मीही हसलो.

आता चूक सांगतो. कोटेशनं शेजारी शेजारी मांडतात त्या कागदाला आम्ही कंपॅरेटिव्ह म्हणतो. त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा, वापरणाऱ्याच्या मताचा. एकदा मी तिथे नुसतं ‘समाधानकारक’ लिहिलं होतं, तर ऑडिटने हरकत घेतली. तेव्हापासून माणूस जे बोलला ते नावासकट, शब्दशः लिहायची मला सवय. एकावन्न हजार जास्त का द्यायचे, याला त्या वाक्याइतकं चोख उत्तर दुसरं नव्हतं. मी लिहिलं: “या मशीनला फिटरची गरज नाही, माळी सांभाळू शकेल. – भास्करराव, फिटर.”

जी.एम.नी सही केली आणि त्या ओळीखाली हिरवी रेघ मारली.

“तो जुलाई से इनका रिन्यूअल मत करना.”

“सर, ते गमतीत बोलले होते.”

“फाइल पे तो मज़ाक नहीं लिखा.”

“मी पान बदलून आणतो.”

“साइन हुआ पन्ना नहीं बदलते. आपने ही सिखाया है.”

खरं होतं. मीच शिकवलं होतं.

आठ दिवस मी भास्कररावांना काही बोललो नाही. ट्रॅक्टर आला, तेव्हा शेडमध्ये गेलो. हातात पिवळ्या रंगाची डबी घेऊन ते ग्रीसच्या सातही जागांवर ठिपके देत होते.

“माळ्याला सांगितलंय, पिवळा ठिपका दिसला की ग्रीस,” ते म्हणाले. “विसरभोळा आहे तो.”

मी रिन्यूअलचं सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं.

“माझं नाव टाकलं होतं खाली?”

“हो.”

“मी बोललो ते खोटं होतं का, साहेब?”

“नाही.”

“मग तुम्ही तरी काय करणार.” डबी फळीवर ठेवत म्हणाले, “पण विचारायचं होतं एकदा. मी म्हटलं असतं, नका लिहू.”

 

ट्रॅक्टरने पावसाळा काढला. काळ्या मातीच्या चिखलातही तो एकदा अडला नाही. ठिपके अजून दिसतात. जी.एम.ना त्याचं नाव ऐकू आलेलं नाही.

कुठलं मशीन घ्यावं असं मला कुणी विचारलं, तर सांगतो: ते चालतं ठेवणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल ते कामाचं असेल. लिहिण्याआधी मात्र त्याला वाचून दाखवा.

शेवटी दिलेली रक्कम: ट्रॅक्टरचे, डेकसह, डीलरला चार लाख बारा हजार. नोटिशीचा एक महिना धरून भास्कररावांना सोळा हजार आठशे. दोन्ही व्हाउचर मीच बनवली. दुसऱ्या व्हाउचरवर शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.